मदत हवी आहे : शाकुहाची या जपानी बांबूच्या फुंकवाद्यावर ‘त्सु’चा मेरी (उतरवलेला) स्वर नीट लागत नाही

यामागुची गोरो (१९३३–१९९९) यांनी वाजवलेली ‘त्सुरु नो सुगोमोरी’ ही रचना १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. शाकुहाचीवादनाच्या किंको परंपरेतील या थोर वादक-गुरूंचे तेच ध्वनिमुद्रण समोर ठेवून मी शाकुहाचीचा रियाज करीत आहे. बासरीची सवय असल्याने पाच छिद्रांवर बोटे सहज बसतात, अडचण फुंकेची आहे. हनुवटी खाली घेऊन स्वर उतरवताना, म्हणजे ‘मेरी’ घेताना, विशेषतः ‘त्सु’ या स्वरावर आवाज क्षीण होतो आणि तरीही स्वर पुरेसा उतरत नाही. (यामागुचींचा हाच स्वर मंद असूनही भरीव लागतो!) अशा वेळी सर्वांत खालचे छिद्र कितपत झाकावे आणि ओठांची फट किती आवळावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ऑनलाइन शिकवणारे किंको पद्धतीचे गुरू कोणाला ठाऊक असल्यास तेही कळवावे.