मशीन ड्रॉवरमध्ये टाकू नका, थोडे दिवस द्या
वर ताईंनी लिहिलंय की सासऱ्यांनी चार दिवसांत कानाचं मशीन काढून ठेवलं, डोकं दुखतं म्हणून. माझंही अगदी तसंच झालेलं. ऑडिओग्राममध्ये (कानाच्या तपासणीचा आलेख) वरच्या फ्रिक्वेन्सी (बारीक, उंच आवाज) गेलेल्या, म्हणजे आवाज यायचा पण स, श, फ कळायचेच नाहीत, नात काही बोलली की मी नुसती मान हलवायचो. मशीन लावलं आणि इथल्या नाशिकच्या रविवार कारंजा चौकातल्या रिक्षांनी जीव नकोसा केला, पण मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातातच हो, आधी घरात शांततेत दोन-तीन तास लावा, मग वाढवा आणि ऑडिओलॉजिस्टकडे (कान तपासून मशीन लावून देणारे) परत जाऊन सेटिंग बदलून घ्या, हेच बरेच जण करत नाहीत. झिंक-एअर बॅटरी (हवा लागली की चालू होणारी) असेल तर स्टिकर काढून मिनिटभर थांबा मग बसवा. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा, ओल फार वाईट. परवा गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) गेलेलो, रामकुंडापाशी एवढी गर्दी, तरी नातीने मागून "आजोबा" म्हटलं आणि मी वळलो. फार उपकार आहेत त्या मशीनचे माझ्यावर. सासऱ्यांना सांगा, नाशिकमध्ये असाल तर मी स्वतः येऊन बोलतो त्यांच्याशी.