शिकारी जिवाणूंच्या तावडीतून वाचलेले भक्ष्य: कारण कसे ओळखावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची डाळिंबाची बाग आटपाडी तालुक्यात आहे. तेल्या या जिवाणूजन्य रोगाने गेलेले दोन बहार मी डोळ्यांनी पाहिले आहेत, म्हणून या रोगाच्या झँथोमोनास जिवाणूला खाणारा जिवाणू आमच्याच मातीत मिळतो का, हे पाहण्याचा प्रकल्प मी घेतला.

मातीचे पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून झँथोमोनाससह दुहेरी थराच्या आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरले, तेव्हा तिसऱ्या दिवशी भक्ष्य नाहीसे झाल्याचे स्वच्छ ठिपके दिसले आणि ते पुढे आठवडाभर पसरत राहिले. असे ठिपके जिवाणूंना मारणारे विषाणूही पाडतात, पण त्यांचे ठिपके बहुधा दुसऱ्याच दिवशी दिसतात व भक्ष्याची वाढ थांबली की तेही थांबतात. (सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाइन्झ स्टोल्प यांनाही डेलोव्हिब्रिओ हा शिकारी जिवाणू असे विषाणू शोधतानाच, अशा उशिरा आलेल्या ठिपक्यांमुळे सापडला, १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली.) सूक्ष्मदर्शकाखाली अतिवेगाने पळणारे बारीक जिवाणू आणि गोल फुगलेले भक्ष्य, दोन्ही दिसतात. भक्ष्याच्या दोन पटलांमधल्या जागेत शिरून, आतूनच ते खात लांब वाढायचे आणि शेवटी तुकडे होऊन बाहेर पडायचे, ही डेलोव्हिब्रिओची रीत असल्याने हा तोच असावा असे मी धरले आहे.

अडचण पुढे आहे. द्रव माध्यमात दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळपणा जातो, पण थोडे झँथोमोनास प्रत्येक वेळी उरतात. त्यांना वेगळे वाढवून पुन्हा शिकाऱ्यासमोर ठेवले, तर ते पहिल्यासारखेच खाल्ले जातात, म्हणजे हा प्रतिकार पुढच्या पिढीत उतरत नाही. मग ती त्या पेशींची तात्पुरती अवस्था आहे, की भक्ष्य विरळ झाल्यामुळे दोघांची गाठच पडत नाही?

हे ठरवण्यासाठी त्याच फ्लास्कमध्ये, जुन्यांपासून वेगळे ओळखता यावेत म्हणून, रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे ताजे झँथोमोनास भरपूर प्रमाणात सोडावे, असा माझा विचार आहे. ताजे संपले आणि जुने तरीही टिकले, तर विरळपणाचे कारण बाद होईल. ही मांडणी पुरेशी आहे का? शिवाय उरलेले भक्ष्य मोजताना शिकारीही प्लेटवर जातो आणि तिथेही खात राहिला, तर माझी मोजणी कमी येईल. त्याला आधी वेगळे करण्यासाठी कमी वेगाचे सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून जड पेशी तळाला बसवणारे यंत्र) कोणी वापरले आहे का?

गावातले शेतकरी फवारणीचे औषध कधी येईल असे विचारतात. हे उरलेले जिवाणू का उरतात ते कळल्याशिवाय त्यांना काहीही सांगणे मला योग्य वाटत नाही, म्हणून अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.