क्रीडादिनाच्या पदकांवरून (सोसायटीचा ग्रुप, सोमवार)

देशपांडे मॅडम, ए-४०२: नमस्कार. कालच्या बक्षीस समारंभाबद्दल बोलायचं आहे. माझी मुलगी धावण्यात पहिली आली. तिला जे पदक मिळालं तेच शेवटच्या नंबरापर्यंत सगळ्यांना. फीतसुद्धा तीच. घरी येऊन विचारते, "मग मी सकाळी उठून टेकडीवर कशाला जात होते?" उत्तर कमिटीनं द्यावं.

शिंदे, सेक्रेटरी: मॅडम, लेकीचं मनापासून अभिनंदन 🙏 मागच्या वर्षी बक्षिसांवरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरच एकसारखी पदकं ठरली. इतिवृत्तात आहे.

कदम, बी-१०३: इतिवृत्त वाचणाऱ्याला पण एक पदक ठेवा 😄

मोहिते काका, सी-५०१: पदकांचा खर्च सांस्कृतिक निधीतून झाला की देखभाल खात्यातून?

सोनवणे ताई, सी-२०५: माझा मुलगा सात वर्षांचा आहे, शेवटून पहिला आला. मागच्या वर्षी तो टाकीमागे जाऊन रडत बसला होता आणि खाली खेळायला यायचंच बंद केलं होतं. काल पदक गळ्यात घालून झोपला. त्यात कुणाचं काय गेलं?

देशपांडे मॅडम: ताई, तुमच्या मुलाबद्दल मी एक अक्षर काढलेलं नाही. कृपया तसं वळण देऊ नका.

सोनवणे ताई: मी वळण देत नाहीये. शेवटच्या नंबराचा उल्लेख तुम्ही केलात.

कुलकर्णी, ए-१०१: स्पष्ट बोलतो, राग मानू नये. जगात हरलेल्याला कुणी पदक देत नाही. मुलांना हे लहानपणीच कळलेलं बरं. आमच्या वेळी पहिल्या तिघांनाच बक्षीस, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

पाटील, बी-४०३: कुलकर्णी सर, ऑलिंपिकमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक खेळाडूला स्मृतिपदक देतात. पहिल्या आठ जणांना मानपत्रही मिळतं.

देशपांडे मॅडम: अगदी बरोबर. पण ते स्मृतिपदक सुवर्णपदकासारखं दिसत नाही ना? माझं तेवढंच म्हणणं आहे. सगळ्यांना द्या, पण पहिल्याचं पहिल्यासारखं दिसू द्या.

मोहिते काका: पुन्हा विचारतो. सांस्कृतिक निधी की देखभाल खातं?

कदम: ज्यांची पांढरी गाडी खो-खोच्या खांबाच्या जागेवर उभी होती त्यांनाही सहभागाचं पदक द्या. दिवसभर जागेवरून हलली नाही 😂

राणे, बी-२०२: गाडी माझी आहे. पाहुणे आले होते. नोटीस आदल्या रात्री लागली. दर वेळी आमच्यावरच का घसरता?

कदम: गंमत केली हो राणेसाहेब.

राणे: गंमत वाटत नाही.

कुलकर्णी: एकसारखी पदकं म्हणता, मग खो-खोच्या 'सर्वोत्तम खेळाडू'चा चषक एकाच घरी कसा गेला? तिथं समानता आठवली नाही.

शिंदे, सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

शिंदे, सेक्रेटरी: माझ्या पुतण्यानं सर्वांत जास्त गडी बाद केले. गुणपत्रक माझ्याकडे आहे. हवं त्यानं घरी येऊन बघावं.

जोशी सर, ए-२०३: मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे मैदानावर नऊ जण असतात. आठ पाटीवर बसलेले, नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. म्हणजे पळणारा समोरच्या बाजूला गेला की एक तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर खो द्यायचा. गडी बाद होतो तो नेमक्या क्षणी दिलेल्या खोमुळे आणि बसल्या जागेवरून झटक्यात उठणाऱ्यामुळे. गुणपत्रकावर मात्र ज्याचा हात लागला त्याचं नाव. काल डी विंगची एक छोटी मुलगी प्रत्येक खो अचूक वेळेवर देत होती. तिनं बहुधा एकही गडी बाद केला नाही, पण तिच्याशिवाय तो संघ जिंकला नसता. शिंदे, तुमचा पुतण्या चांगलाच खेळतो, चषकाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या मुलीचं नावसुद्धा माईकवरून घेतलं गेलं नाही, याचं मला वाईट वाटलं. सांघिक खेळात एकट्याला चषक द्यायचा तर खो देणाऱ्यालाही द्या. राखीव मुलं पूर्ण वेळ उन्हात बसून होती, त्यांना मैदानात घेतलंच नाही. पदकापेक्षा त्यांना एक डाव हवा होता.

डी-३०४: सर, ती माझी मुलगी. धन्यवाद 🙏 तिला वाचून दाखवलं.

जोशी सर: आणखी एक. नॉर्वेत मुलांच्या खेळाचे नियमच ठरलेले आहेत. ११ वर्षांचे होईपर्यंत गुणतक्ते, क्रमवारी लावत नाहीत. लहानांना बक्षीस द्यायचं तर सगळ्यांना. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा वयाच्या १३ व्या वर्षापासून. आणि त्याच देशानं २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेतली, सगळ्या देशांत जास्त.

कुलकर्णी: तिथं बर्फ आहे सर, इथं गेस्ट पार्किंग आहे.

पाटील: 👏👏

जोशी सर: जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपले पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. त्यासाठी बर्फ लागला नाही.

देशपांडे मॅडम: सर, तुमचं पटतं. पण माझी मुलगी १३ वर्षांची आहे. तिला सात वर्षांच्या मुलांच्या नियमात का बसवलं?

सोनवणे ताई: हे मात्र खरं आहे. मोठ्यांना नंबर द्यायला माझा विरोध नाही. लहानांचं पदक काढू नका, एवढंच.

मोहिते काका: तिसऱ्यांदा विचारतो. निधी की खातं?

शिंदे, सेक्रेटरी: काका, सांस्कृतिक निधी. पावती नोटीस बोर्डवर लावली आहे. बाकी सर्वांसाठी: रविवारी ११ वाजता क्लबहाऊसमध्ये बैठक. विषय: वयोगट, मोठ्यांसाठी वेगळी पदकं, राखीव मुलांना डाव. जोशी सरांनी नियम लिहून आणावेत ही विनंती.

जोशी सर: आणतो. संध्याकाळी सहाला मुलांना पाठवलंत तर खो-खो शिकवेन. राणे, तेवढा वेळ गाडी हलवाल का?

राणे: हलवतो सर. तुमच्यासाठी.

देशपांडे मॅडम: धावण्याचा निकाल तरी आज बोर्डवर लावा. नाव आणि वेळेसह. रविवारपर्यंत थांबण्यासारखं त्यात काही नाही.

मोहिते काका: पावती बघितली. फितींचे पैसे वेगळे का लावलेत?