साथीसाठी आधी काय हवं: कडक कायदा की चोख पाणी?

धायरीकर:
जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर घाला घालणारा आजार) पेशंट वाढले. काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. गावं महापालिकेत आली, पण पाणी विहिरीचं नाहीतर टँकरचं. पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या ओटी टेस्टला लागतं काय? नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर पाणी उकळा. हे रोज, प्रत्येक टाकीवर करणारी कायमची माणसं नेमा. नवे कायदे कशाला?

नळस्टॉप:
अजिबात पटलं नाही. क्लोरीनने स्वाइन फ्लू थांबला असता? २००९ मध्ये त्याचा देशातला पहिला बळी पुण्यातच गेला. शाळा, थिएटर बंद करावीच लागली. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्ण नायडू हॉस्पिटलमध्ये आले, तेव्हाही १८९७ चा साथरोग कायदाच हाताशी होता. हवेतल्या रोगाला विनंती करून भागत नाही हो.

कसबा:
त्याच कायद्याच्या साली पुण्यात काय झालं? प्लेगचे रोगी शोधायला गोरे सोजीर थेट देवघरात, माजघरात शिरले. लोक रोगी लपवायला लागले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर या झडत्यांचा प्रमुख गोरा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. आणि त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या, रोग्यांची सेवा करताना. मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात त्या स्वतः रोगी घेऊन जात. तिथे बंदूक लागली नाही!

नळस्टॉप:
सावित्रीबाईंबद्दल दुमत नाहीच. पण रँडची झडती आणि आठवडाभर शाळा बंद ठेवणं एकाच तागडीत घालू नका. २०२० मध्ये दारात सोजीर नव्हते, तरी लोक ताप लपवत होतेच ना?

धायरीकर:
लपवणारच! गल्लीला पत्रे ठोकले की धुणीभांडी करणारीची चार घरं सुटायची. तिला कोणी विचारलं का, चूल कशी पेटते? आशाताई दारोदार फिरून ताप विचारत होत्या, पण त्यांच्या हातात द्यायला काही नव्हतं.

नळस्टॉप:
हे मात्र मान्य. मग कायद्यातच घाला: घरी बसवलं तर त्या दिवसांची मजुरी द्यायची. पण बंदीचा अधिकार आयुक्तांकडेच राहू दे. तो काढायला माझा ठाम विरोध आहे.