व्हीबीए: डिक्शनरीत सेल.व्हॅल्यू न लिहिता नुसतं सेल दिलं तर प्रत्येक ओळ वेगळी का मोजली जाते?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या एक्सेलमध्ये नोंदवलेल्या आहेत. पहिल्या कॉलमात फ्लॅट नंबर, मग तारीख आणि रक्कम. कोणत्या फ्लॅटच्या किती पावत्या फाडल्या ते काढायला व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या प्रोग्रामिंग भाषेत, छोटा मॅक्रो लिहिलाय. स्क्रिप्टिंग डिक्शनरी (की, म्हणजे ओळखीचं नाव, आणि तिच्यासमोरची किंमत अशा जोड्या साठवणारी यादी) घेतली आणि फॉर ईच लूपमध्ये ही ओळ टाकली:

डिक्ट(सेल) = डिक्ट(सेल) + १

ए-१०१ च्या पाच पावत्या असतील तर त्याच्यासमोर ५ यायला हवेत. प्रत्यक्षात ए-१०१ पाच वेळा छापलं जातं आणि दरवेळी समोर १. डिक्ट.काउंट पाहिला तर जितक्या ओळी तितकाच आकडा. एरर काहीच नाही.

सेल.व्हॅल्यू लिहिलं की उत्तर बरोबर येतं, त्यामुळे काम अडलेलं नाही. पण कारण समजून घ्यायचंय. सेल म्हणजे रेंज ऑब्जेक्ट, आणि रेंजची डिफॉल्ट प्रॉपर्टी (नाव न लिहिता आपोआप लागणारी) व्हॅल्यू आहे ना? मेसेजबॉक्समध्ये नुसतं सेल दिलं तर फ्लॅट नंबर दिसतो, इफमध्ये सेलची तुलनाही नीट होते. मग इथेच काय बिनसतं? जुन्या मॅक्रोंमध्ये .व्हॅल्यू न लावता बरंच लिहिलेलं आहे आणि त्यातले आकडे वार्षिक सभेत सभासदांपुढे जातात. कुठे कुठे तपासू?

प्रतिसाद १

डिफॉल्ट प्रॉपर्टी लागते ती समोरच्याला साधी किंमतच हवी असेल तेव्हा. मेसेजबॉक्सला मजकूर लागतो, बेरजेला आकडा लागतो, तुलनेला दोन किमती लागतात. तिथे व्हीबीए आपणहून व्हॅल्यू काढून देतं. डिक्शनरीची की मात्र व्हेरिएंट (कोणत्याही प्रकारचा डेटा चालणारी) असते आणि तिला ऑब्जेक्टही चालतो. त्यामुळे किंमत काढलीच जात नाही, अख्खा रेंज ऑब्जेक्ट की म्हणून आत जातो. लूपच्या प्रत्येक फेरीत ऑब्जेक्ट नवा, म्हणून की नवी. छापताना पुन्हा डिफॉल्ट प्रॉपर्टी लागते आणि ए-१०१ दिसतं, त्यामुळे फसगत होते. कीचा प्रकार सांगणारं टाइपनेम(की) छापून बघा, स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) जागी रेंज येईल. शीटवरचा तो सेल बदललात तर छापलेली कीसुद्धा बदललेली दिसेल.

तपासायच्या जागा: डिक्शनरीचे ॲड आणि एक्झिस्ट्स, कलेक्शनचं ॲड, ॲरे फंक्शन, आणि तुमच्या स्वतःच्या ज्या फंक्शनचा पॅरामीटर व्हेरिएंट आहे ते. 'व्ही = रेंज' लिहिलं तर किंमत मिळते, 'सेट व्ही = रेंज' लिहिलं तर ऑब्जेक्ट. रेंज अनेक सेलची असेल तर सेटशिवाय थेट दोन मितींचा ॲरे हातात येतो.

प्रतिसाद २

वरच्यात भर. .व्हॅल्यू लावल्यावरही एक धोका राहतो. एका ओळीत १०१ आकडा म्हणून आणि दुसरीत मजकूर म्हणून भरला असेल तर डिक्शनरी त्या दोन वेगळ्या कीज धरते. हाताने भरलेल्या रजिस्टरमध्ये हे हमखास असतं, तेव्हा की बनवताना सीस्ट्र (मजकुरात बदलणारं) आणि ट्रिम (मागचे-पुढचे स्पेस काढणारं) दोन्ही वापरा. 'a-101' आणि 'A-101' एकच धरायचे असतील तर कंपेअरमोड (कीज कशा ताडायच्या ते ठरवणारी डिक्शनरीची प्रॉपर्टी) टेक्स्टवर न्या, पण डिक्शनरी रिकामी असतानाच. आत काही असेल तर एरर येते.

मूळ प्रश्नकर्ता

टाइपनेम छापलं, खरंच रेंज आलं! दोघांचेही मनापासून आभार. कोणत्या ऑब्जेक्टची डिफॉल्ट प्रॉपर्टी काय, हे एका ठिकाणी बघता येतं का? वर्कशीट मेसेजबॉक्समध्ये दिलं तर ४३८ नंबरची एरर येते.

प्रतिसाद १

वर्कशीटला किंमत देणारी डिफॉल्ट प्रॉपर्टीच नाही, म्हणून ४३८. नाव हवं असेल तर .नेम लिहा. बाकीचं व्हीबीएच्या एडिटरमध्ये एफ२ दाबून ऑब्जेक्ट ब्राउझरमध्ये बघा. डिफॉल्ट मेंबरच्या (ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टी किंवा मेथडच्या) आयकॉनवर छोटा निळा ठिपका असतो. रेंजखाली तो लगेच सापडणार नाही, कारण तिथला मेंबर लपवलेला आहे. राइट क्लिक करून 'शो हिडन मेंबर्स' निवडा. तो मेंबर कंसात काही न देता वापरला तर व्हॅल्यूसारखा वागतो, आणि कंसात आकडा दिला तर आयटमसारखा, म्हणजे रेंजमधला त्या क्रमांकाचा सेल देतो.