घरातला सायकल ट्रेनर: वापरलेला उत्तम प्रतीचा घ्यावा की नवा साधा?

जुळे सोलापूरकर
पावसाळ्यानंतर ३०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करण्याचा विचार आहे. हे अंतर २० तासांत पूर्ण करायचे असते, त्यामुळे उन्हाळ्यात सराव तुटून चालणार नाही. मात्र एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सकाळी आठनंतर रस्त्यावर टिकाव लागत नाही आणि त्याआधी अंधारात निघावे तर पुणे महामार्गावरील अवजड वाहनांची धास्ती वाटते. म्हणून घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवण्याचे यंत्र) घेण्याचे ठरवले आहे. पुण्यातील एक गृहस्थ चार वर्षे वापरलेला डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनर, म्हणजे मागचे चाक काढून ज्यावर सायकल थेट बसवतात आणि ज्याचा दाब ॲपवरून कमीजास्त करता येतो तो, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत देत आहेत; त्याची पावती मात्र त्यांच्याकडे नाही. तेवढ्याच पैशांत मागचे टायर रोलरवर टेकवून चालणारा नवा ट्रेनर हमीसह मिळतो. दोहोंपैकी कोणता घ्यावा, आणि का, हे कारणांसह सांगावे.

होटगी रोड
नवा घ्यावा. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर हे वरून लोखंडी दिसणारे, पण आतून इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. त्यात विद्युतचुंबक असतो, वॅट, म्हणजे पॅडलवर लावलेली ताकद, मोजणारी यंत्रणा असते आणि हे सारे चालवणारा सर्किट बोर्ड असतो. चार वर्षे त्यावर कोणाचा किती घाम गळला हे छायाचित्रावरून कळत नाही. घामातील क्षार ॲल्युमिनियम आणि विजेचे जोड दोन्ही खातात. शिवाय पावती नसेल तर हमीचा प्रश्नच मिटला, आणि पावती असली तरी बऱ्याच कंपन्यांची हमी पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. सोलापुरात हा बोर्ड दुरुस्त करून देणारे कोणी माझ्या तरी माहितीत नाही.

सात रस्ता
हमीचा मुद्दा आपण कागदावर बरोबर मांडलात, परंतु सोलापुरात बसून ती वापरायची कशी याचाही विचार व्हावा. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर साधारण १५ ते २० किलोंचा असतो. तो मूळ खोक्यात भरून मुंबईला किंवा बंगळुरूला पाठवायचा, आठवडेच्या आठवडे वाट पाहायची, आणि तोवर उन्हाळा संपलेला असतो. अशा हमीसाठी तेवढ्याच पैशांत साधे यंत्र घेणे मला पटत नाही.

दुसरे असे की, टायरवर चालणारा नवा ट्रेनर हा या जुन्या यंत्राला पर्याय ठरूच शकत नाही. त्यात टायर झिजते, जोर लावला की रोलरवर घसरते, आणि टायरमधील हवा किंवा रोलरचा दाब बदलला की वॅटचा आकडाही बदलतो. खुद्द कंपन्याच अशा ट्रेनरची अचूकता ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास सांगतात, तर चांगल्या डायरेक्ट ड्राइव्हची १ ते २ टक्के. पुन्हा २०२० आणि २०२१ च्या टाळेबंदीत हौसेने घेतलेले कितीतरी ट्रेनर नंतर कपडे वाळत घालण्यापुरतेच उरले. ते आता बाजारात येत आहेत आणि त्यांचे आतले भाग जवळजवळ नवे आहेत.

होटगी रोड
‘जवळजवळ नवे’ हे विकणाऱ्याचे शब्द झाले. न वापरता गॅलरीत दोन पावसाळे काढलेले यंत्र हे रोज वापरून पुसून ठेवलेल्या यंत्रापेक्षा मला अधिक संशयास्पद वाटते. आणि नव्या यंत्रातला दोष बहुधा पहिल्या काही महिन्यांतच दिसतो, नेमक्या त्याच काळात हमी हातात असते. खोके पाठवण्याचा त्रास मान्य आहे; पण त्रास सोसून यंत्र परत मिळणे आणि पैसे पूर्णपणे बुडणे या दोन गोष्टी समान नव्हेत.

एमआयडीसी, अक्कलकोट रोड
मी यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ‘वापरलेला’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येत आहेत. बेअरिंग, पट्टा आणि फ्रीहब (ज्यावर कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, बसतो तो भाग) हे झिजणारे भाग आहेत. बेअरिंगवर क्रमांक असतो व तो बाजारात मिळतो, पट्टाही मापाने शोधता येतो. बोर्ड आणि मोजणी यंत्रणा यांचे तसे नाही. तेव्हा जुना ट्रेनर पाहताना आवाजाने घाबरू नये; घाबरायचे ते आकड्यांना.

पाहणीला जाताना स्वतःची सायकल बरोबर न्यावी. ट्रेनर जोडून किमान अर्धा तास चालवावा, कारण थंड असताना ठीक वाटणारा ट्रेनर तापल्यावर वॅट चुकीचे दाखवू लागतो किंवा फोनशी असलेली जोडणी तोडतो. मधेच जोराने चढ दिल्याप्रमाणे दाब वाढवावा. पट्टा घसरत असेल तर तो तेव्हाच कळतो. नंतर पाय थांबवून फ्लायव्हील, म्हणजे ट्रेनरचे जड चाक, मोकळे फिरू द्यावे. खरखर येत असेल तर ती बेअरिंगची असते, आणि ती किंमत कमी करून घेण्यास उपयोगी पडते. स्पिन-डाउन म्हणजे वेग वाढवून सोडून देण्याची जी तपासणी ॲपमध्ये असते, ती तिथेच करून पाहावी. कंपनीच्या सध्याच्या ॲपमधून त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत होते का, हेही पाहावे. ॲपने ट्रेनर चालवण्याच्या बिनतारी पद्धती दोन: ब्लूटूथवरील एफटीएमएस आणि अँट प्लसवरील एफई-सी; यांपैकी एकही त्याला येत नसेल, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी आजच्या बहुतेक ॲपना त्याचे नियंत्रण घेता येणार नाही. आयफोन वापरत असाल तर ब्लूटूथच हवे.

आणि सायकल त्यावर बसते का, हे जाण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आपल्या सायकलीच्या मागच्या चाकाला क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक दांडा) आहे की १४२ मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस), त्यानुसार ॲडॅप्टर लागतो. शिमानोच्या ११ गिअरच्या फ्रीहबवर ८ किंवा ९ गिअरची कॅसेट बसवायची असल्यास १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारी कडी, लागतो. तो नसेल तर कॅसेट हलत राहते आणि ट्रेनरला उगाच दोष दिला जातो.

विजापूर रोड
मला हा सगळा वाद मूळ गरजेपासून दूर गेलेला वाटतो. ३०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी तासन्‌तास खोगिरावर बसण्याची सवय लागते, दोन टक्के अचूक वॅट लागत नाहीत. माझ्याकडे टायरवर चालणारा साधा चुंबकीय ट्रेनर आहे, तोही वापरलेला. त्याला वीज लागत नाही, त्यात बोर्ड नाही, आणि बिघडण्यासारखे म्हणाल तर रोलरचे बेअरिंग आणि चुंबक मागेपुढे करणारी केबल. वीज गेली की बहुतेक स्मार्ट ट्रेनरचे नियंत्रण जाते (टॅक्स या कंपनीच्या निओसारखे अपवाद आहेत), माझा मात्र चालू राहतो. मागे जुने टायर लावावे, म्हणजे झिजले तरी हळहळ नाही.

वाचलेले पैसे पंख्यावर घालावेत, हे मी गांभीर्याने सांगते. माणसाच्या शरीरातील ऊर्जेचा जेमतेम २० ते २५ टक्के भाग पॅडलवर पोहोचतो. १५० वॅट काढताना ४५० ते ६०० वॅट उष्णता अंगातून बाहेर पडत असते, आणि खोलीत समोरून वारा नसतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना छताच्या पंख्याखाली कोणताही ट्रेनर, नवा असो वा जुना, अर्ध्या तासाच्या वर चालवला जाणार नाही. स्टँडचा मोठा पंखा, खाली जाड रबरी चटई आणि हँडलवर टॉवेल एवढे हवेच. टॉवेलची तरी आपल्या गावात वानवा नाही.

सात रस्ता
ताई, पंख्याबद्दल पूर्ण सहमत आहे. परंतु नोकरी करणाऱ्याकडे दिवसाला तासभरच असतो, आणि त्या तासात ठरावीक वॅट ट्रेनरनेच धरून ठेवणे याचा उपयोग मोठा आहे. साध्या ट्रेनरवर कंटाळून लोक सोडून देतात, ते याचमुळे. ॲपच्या खर्चाचे म्हणाल तर ट्रेनरसाठीच्या झ्विफ्ट या ॲपचे मासिक शुल्क २०२४ मध्ये १९.९९ डॉलर झाले हे खरे, पण मायवूश हे तसेच ॲप विनामूल्य आहे. शिवाय सदनिकेत खालच्या मजल्यावर टायरचा घरघराट किती जातो, हेही लक्षात घ्या.

जुळे सोलापूरकर
सर्वांचे आभार. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे आवाजाचा मुद्दा माझ्यासाठी मोठाच आहे. सायकलीला क्विक रिलीज आणि ९ गिअर आहेत. पुण्याच्या गृहस्थांना विचारले असता ते स्वतःच्या सायकलीवर दहा मिनिटे चालवून दाखवण्यास तयार आहेत. माझी सायकल आणून अर्धा तास चालवण्यास मात्र त्यांनी अजून होकार दिलेला नाही.

होटगी रोड
दहा मिनिटांत काय कळणार?

एमआयडीसी, अक्कलकोट रोड
होकार आल्याशिवाय पुण्याला जाऊ नये आणि आगाऊ रक्कमही पाठवू नये. होकार आला तर जाण्यापूर्वी त्यांच्या ट्रेनरवर कोणती कॅसेट बसवली आहे ते विचारा. ती ११ गिअरची असेल तर तुमची ९ गिअरची कॅसेट, स्पेसर, कॅसेट काढण्याचे लॉकरिंग टूल आणि तेव्हा ती धरून ठेवणारी चेन-व्हिप बरोबर न्या. ही दोन्ही हत्यारे माझ्याकडे आहेत, शनिवारी घेऊन जा.