मदत हवी आहे : टेंडनच्या दुखण्यावर सुईतून करंट द्यायचा उपचार घ्यावा का?

टाचेच्या वरच्या अकिलीस टेंडनचं (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर) दुखणं बरेच महिने मागे लागलं आहे. सकाळी पहिली काही पावलं लंगडत टाकते, मग पाय मोकळा होतो. धावलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टाचेच्या हाडापासून तीन-चार बोटं वर चिमटीत धरलं तर तिथे टेंडन जाड लागतं आणि कळ येते. सोनोग्राफीत झीज दिसली, फाटलेलं काही नाही.

फिजिओंनी आता पर्क्युटेनियस इलेक्ट्रोलिसिस सुचवलं आहे. सोनोग्राफीवर बघत बारीक सुई थेट खराब भागात घालायची आणि तिच्यातून करंट सोडायचा. पॅड चिकटवून देतात त्या टेन्सपेक्षा हे वेगळं आहे का? करंटने आत नेमकं काय होतं? आधीच झिजलेल्या टेंडनला आणखी इजा व्हायची, ही धास्ती जात नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हा उपचार देते. टेन्स नसांवर काम करून दुखणं कमी जाणवू देतं. इथे करंट एकाच दिशेने वाहतो. सुई म्हणजे ऋण टोक, धन टोक रुग्णाच्या हातात किंवा त्वचेवर असतं. सुईच्या टोकाशी शरीरातल्या पाण्याचं आणि मिठाचं विघटन होऊन सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. स्क्रीनवर ते पांढऱ्या ढगासारखे पसरताना दिसतात. चटका देऊन जाळणं हा प्रकार नाही, परिणाम रासायनिक आहे.

म्हणजे तुम्ही म्हणता ती इजा होते, पण ती मुद्दाम आणि अगदी थोड्या जागेत केलेली असते. जुनाट टेंडनदुखीत कोलॅजनचे, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाचं बनलेलं असतं त्याचे, तंतू विस्कटलेले असतात आणि दुरुस्ती अर्धवट रेंगाळलेली असते. नवी छोटी इजा केली की शरीर तिथे दाह निर्माण करून पुन्हा कामाला लागेल, असा त्यामागचा विचार. म्हणूनच नंतर दाह कमी करणाऱ्या गोळ्या सहसा टाळायला सांगतो.

ही पद्धत स्पेनमधल्या फिजिओंनी रुजवली. काही जण ३ ते ६ मिलीअँपिअर करंट काही सेकंद देतात, काही जण त्याहून खूप कमी करंट मिनिटभर. मात्रेवर एकमत नाही. करंट चालू असताना खोल ठणका लागतो, जागा पुढे एक-दोन दिवस दुखरी राहते.

पण माझं स्पष्ट मत, खरा उपचार व्यायामच. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची : १५ वेळा, असे ३ सेट, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनमधून १९९८ साली आलेला हा क्रम आजही वापरतात. सुईवरचे अभ्यास बहुतेक छोटे, आणि त्यांत व्यायामही असतोच. गुडघ्याच्या टेंडनवरच्या एका चाचणीत सगळ्यांना व्यायाम दिला, शिवाय काहींना करंटची सुई, काहींना नुसती सुई, काहींना खोटी सुई. सगळे गट सुधारले, गटागटांत फरक दिसला नाही. तुमचा व्यायाम नेटाने १२ आठवडे झाला नसेल तर मी सुई हातात घेणार नाही.

पेसमेकर, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं, त्या जागी जंतुसंसर्ग, यांतलं काही असेल तर आधीच सांगा.

प्रतिसाद २

आणखी एक विचारतो. दुखणं सुरू व्हायच्या आधी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या गटातली अँटिबायोटिक्स अकिलीसला त्रास देतात, क्वचित ते तुटतंही. सोबत स्टिरॉइड असेल तर धोका वाढतो.

धागाकर्ती

हो, लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं होतं, अलीकडे पुन्हा एक कोर्स झाला. याचा संबंध असेल हे कधी डोक्यातच आलं नाही, कुणी विचारलंही नव्हतं. मनापासून आभार. व्यायाम आजपासून सुरू करू का?

प्रतिसाद १

नको. आधी डॉक्टरांना ही औषधं सांगा, तोवर धावणं, पायरी आणि सुई तिन्ही थांबवा. एकदम फटका बसल्यासारखं वाटलं किंवा चवड्यावर उभं राहता आलं नाही, तर त्याच दिवशी दाखवा.